पदराआडचा डोळा

आमच्या थोरल्या साडूंनी कपभर चहा एका जागी बसून संपवला, असं सोलापूर जिल्ह्यातल्या कोणी शपथेवर सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. गुरांचे डॉक्टर होते ते. पहिला घोट ओसरीवर, दुसरा अंगणात, उरलेला शेजाऱ्यांच्या गोठ्यात, आणि कप तिथंच गव्हाणीत विसरलेला. माझी मेहुणी दर दिवाळीला नवे कप घ्यायची. होटगीला एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हे मांडवातून नाहीसे झाले. सापडले ते वऱ्हाडाच्या गाडीपाशी, बैलाची पापणी खाली ओढून बघताना. माणसांच्या पापण्याही सुटत नसत. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा अंगठा पुढे यायचा, रक्त कमी आहे, पालेभाजी खा, असं सांगून होईतो स्वारी फाटकाबाहेर.

डोळा हा त्यांचा खास विषय. बैलाच्या बुबुळावरची काच किती नाजूक असते, धुळीनं तिला ओरखडा पडला की जंतू तिथं कसे घर करतात, एका डोळ्याचं पाणी चाखलेली माशी दुसऱ्या जनावराच्या डोळ्यावर कशी जाऊन बसते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की कचेरीत फायलीवर माशी बसली तरी मी दचकायचो. गावोगावचे लोक मात्र डोळ्यात फूल पडलं म्हणायचे आणि तंबाखू चघळून तिची पिंक त्या डोळ्यात मारायचे. तेवढं ऐकलं की साडूंचा तोल जायचा. एका पाटलांना त्यांनी भर चावडीत सांगितलं होतं, आधी स्वतःच्या डोळ्यात टाकून दाखवा, मग मी जातो. पाटलांनी चंची मुकाट्यानं खिशात सरकवली.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांना सांगोल्याकडच्या गुरांच्या छावणीवर धाडलं. मेहुणीनं दिलेले कपडे आणि चिवडा पोचवायला म्हणून मी गेलो आणि आठवडाभर अडकलो. शेकडो जनावरं, सावलीच्या नावानं शून्य, वाऱ्याबरोबर फुफाटा आणि माश्याच माश्या. डोळ्यांची साथ नुकतीच शिरली होती. डोळे गळणारी गुरं निवडून लांबच्या छपरात बांधायची होती. साडू नुसते पळत होते आणि मी बादली घेऊन त्यांच्यामागे. एका रांगेच्या टोकाला एक म्हातारी आपल्या खिलार बैलाला बिलगून उभी होती. त्याच्या एका डोळ्यावर तिनं पदर धरला होता. माश्या लई हायती, म्हणाली. साडूंनी उघडा डोळा पाहिला, ठीक आहे म्हणाले आणि पुढच्या जनावरापाशी पोचलेसुद्धा.

चौथ्या दिवशी ती आपणहून आली. पदराआडचा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता, मधोमध खड्डा पडला होता, आणि आता दुसराही गळायला लागला होता. आजारी जनावराला छावणीतून काढून देतील, या भीतीनं तिनं लपवलं होतं. साडू तिला रागावतील असं मला वाटलं. ते बैलापुढे एका जागी उभे राहिले.

"मी दुसऱ्या बाजूला गेलोच नाही," ते म्हणाले.

मग उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे धुणं, मलम, पापणीच्या आत इंजेक्शन सुरू झालं. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून काळ्या कापडाची झापड शिवली. कापड माझ्या छत्रीचं होतं. विचारायच्या आत ती फाडून झाली होती. पांढरा पडलेला डोळा दोन दिवसांत फुटला आणि बसला. दुसऱ्यावर ढग आला होता. साडू इतर गुरांकडे पळायचे, पुन्हा इथं यायचे, झापड उचलून बघायचे, पुन्हा पळायचे. माझ्या निघायच्या दिवशी त्यांनी झापड काढली आणि कडब्याची एक काडी त्या डोळ्यापुढून, जराही आवाज न करता, सावकाश फिरवली. बैलानं मान वळवली. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. साडू हात धुवायला गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

पुढं दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला सांगोल्याच्या बसमध्ये बसवलं. कशाला जायचं ते सांगितलं नाही. म्हातारीच्या रानात ज्वारीची पेरणी चालू होती. मुलगा बैल हाकत होता, ती पाभरीच्या चाड्यात बी सोडत होती. गेलेल्या डोळ्याच्या बाजूला जोडीदार राहील अशा बेतानं बैल जुंपला होता. दुपारी औत सुटलं तेव्हा साडू त्याच्याजवळ गेले, आधी तोंडानं चुचकारलं आणि मग मानेवर हात ठेवला. बैल त्यांची बाही हुंगत राहिला.

"वळखलं की त्यानं तुमाला," म्हातारी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये साडूंनी मला विचारलं, "खरंच ओळखलं असेल का हो त्यानं? का मलमाचा वास आला?"

"ओळखलं," मी म्हणालो.

गुरांतलं मला काही कळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. साडू गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एकदा तरी त्यांनी परत विचारायला हवं होतं, असं वाटतं. मी तेच सांगितलं असतं.