शिंगाच्या रंगाची चिकटवही

आमच्या उंद्री गावात कोणालेबी इचारा, पुंजाजी कसा माणूस हाये, तर सांगतीन, बैलाचा माणूस. पोळ्याच्या आदल्या दिवशी सारी गल्ली त्यायच्या दारात बैलं आणून उभे करे. काचेच्या तुकड्यानं शिंगं तासावी तर त्यायनंच, रंगवावी तर त्यायनंच. बाकीचे लोक एक रंग फासतात अन् मोकळे होतात. हे आधी पांढरा हात देत, तो वाळला का निळा, त्याच्यावर लाल कड्या, अन् टोकाले सोनेरी. अंगावर बांगडीचे गोल गोल ठसे. "बैल हाये का नवरदेव," असं मी भिंतीपलीकडून म्हणायची, अन् आशाबाई पदर तोंडाले लावून हसायची.

आशाबाई म्हणजे त्यायची बायको, माही शेजारीण. तिले जाऊन लय पोळे झाले. पोरगा भागवत पुण्याले कंपनीत. बैलं विकले, नांगरटी आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. राह्यलं काय, तर एक माणूस, एक गॅस, अन् गोठ्यात उरलेले रंगाचे डबे. मी पुंजाजी भाऊजीले कधीमधी भाजी देते. भाऊजी भांडं रिकामं परत नाही करत, दोन भेंड्या तरी टाकतात, पण बोलणं पार बंद झालं होतं. माणूस घरात हाये का नाही, हे मले त्यायच्या खोकल्यावरून समजे.

यंदा दसऱ्याच्या अलीकडं नातीचा फोन आला. डिंपल तिचं नाव. शाळेत घरच्या माणसायची चिकटवही करायची होती. पुण्याची पोट्टी, स्वच्छ बोलते. म्हणे, "आबा, आजीचा फोटो पाठवा ना. माझ्याकडे आजी नाहीये." झालं. हे वाक्य भाऊजीच्या काळजाले जाऊन लागलं. दिवसभर तेच. माझ्याकडे आजी नाहीये म्हणते वो पोट्टी.

"मंग भिंतीवरचा हार घातलेला पाठवा की मोबाइलवर काढून," मी म्हटलं.

"ते आशा नोय," भाऊजी म्हणाले. "आधारकार्डावरचा पुसट फोटो देल्ला होता फोटोवाल्याले. त्यानं गोरी केली, सारा चेहरा घासून काढला अन् कोणाची तरी भरजरी साडी नेसवली."

खरं होतं ते. मीबी त्या फोटोले हात जोडत होती, पण कोण्या पाहुणीले जोडल्यावाणी.

खरी आशाबाई एकाच फोटोत होती. तिच्या भावानं रोलच्या कॅमेऱ्यानं काढलेला. पोळ्याचं ताट तिच्या हातात, बैलानं आरतीच्या आधीच पुरणपोळीत तोंड घातलेलं, अन् हे बाई ओरडायचं सोडून हसून राह्यली. तळहाताएवढा फोटो. भाऊजी म्हणाले, "नुसता फोटो नाही पाठवत. वहीच करून पाठवतो. पोरीले समजलं पाह्यजे तिची आजी कशी होती."

चिखलीहून जाड पानायची चिकटवही आणली. रंग कायले आणतीन, घरचे डबे होते. वर साय धरली होती, काडीनं फोडली, थिनर टाकून पातळ केली. मंग ओसरीत पोतं टाकून जे बसले ते बसले. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, उमटवली का फूल. दात घासायच्या जुन्या ब्रशवर अंगठा ओढला का पानभर बारीक शितोडे, म्हणे हे पावसाळ्यातलं वावर. कापसाच्या बोळ्यानं टिपलं का ढग. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं पान रंगवून कागदावर दाबलं, तर शिरा न् शिरा उमटल्या. बांगडी मागाले माह्या दारात आले तर मी म्हटलं, "या वयात बांगड्या भरता काय भाऊजी?" तर हसले. मी शिलाईचं काम करते, साडीले लावतात ती गोट्याची चमकती पट्टी उरली होती, तीबी देल्ली. त्या दिवसायत माणूस बोले. आशाबाई कोण्या बैलावर रुसे, कोण्या वावरात तिले साप दिसला होता, सारं सांगे. मी मशीन बंद करून ऐकत बसायची.

आशाबाईचं पान शेवटी केलं. डाव्या पानावर बैलाचं भलं मोठं तोंड काढलं, शिंगाले देतात तसेच थर, पांढऱ्यावर निळा, निळ्यावर लाल. उजव्या पानावर मधोमध तो फोटो. बोट लावून पाह्यलं, रंग बोटाले लागला नाही. फोटो नीट चिकटावा म्हणून वही मिटली अन् वर पाटा ठेवला.

अन् तिथंच घात झाला. शिंगावरचा रंग उन्हावाऱ्यात वाळते. बैलाले कोणी मिटून पाट्याखाली ठेवत नाही. वरून वाळलेला रंग आत ओलाच होता. दोन दिवसानं वही उघडाले गेले तर दोन्ही पानं एक झालेले. ओढले. फोटोचं वरचं साल बैलाच्या तोंडाले चिकटून आलं अन् त्याच्या चिंध्या झाल्या. उजवीकडं ताट राह्यलं, ताट धरलेला हात राह्यला. केसापासून हनुवटीपर्यंत नुसता पांढरा कागद.

मी भडकली. "आधी मोबाइलवर काढून ठेवाचा होता ना. एवढंबी समजत नाही काय माणसाले?" भाऊजी काचेचा तुकडा घेऊन बसले होते, निळ्या रंगावरून चेहऱ्याचं एकेक साल उचलून पाहून राह्यले होते. निघत काही नव्हतं. मले माह्या जिभेचा राग आला, पण बोलून तर गेली होती.

चार दिवस त्यायचा खोकलाबी ऐकू आला नाही. मंग एका दुपारी वही अन् बारीक ब्रश घेऊन माह्या ओट्यावर आले. म्हणे, "मीच काढतो तिचं तोंड. आयुष्यभर शिंगं रंगवली, एक माणूस नाही जमणार?" जुन्या कॅलेंडरच्या मागं सराव करून आणला होता. डोळे होते, कुंकू होतं. पण ते तोंड कोण्याबी बाईचं असतं. भाऊजीनं मले इचारलं, "जनकाबाई, आशाले तीळ कोण्या गालावर होता?"

"उजव्या."

"मले डाव्या वाटते."

"मी समोरासमोर कापूस येचला तिच्यासंगं, मले म्हाईत नाही काय?" मी म्हटलं खरं. पण म्हणता म्हणता मलेच समजेना. समोरून माही उजवी म्हणजे तिची डावी का काय. डोळे मिटून पाह्यलं, तर तिचं हसू ऐकू आलं, गाल काही दिसला नाही. भाऊजीचंबी तसंच झालं असन, ते आपल्याच गालाले बोट लावून बसले होते, कधी इकडं, कधी तिकडं.

"थांबा, भागवतले इचारू," ते म्हणाले. फोन लावला, मलेबी ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. तिकडून गाड्यायचा आवाज. भागवत घाईत होता. बापानं वहीचं नाव काढल्याबरोबर म्हणे, "बाबा, ते राहू द्या आता. डिंपलनं वही कधीच देऊन टाकली शाळेत."

"असू दे," भाऊजी म्हणाले. "एवढं सांग, तुह्या मायच्या गालावर तीळ होता, तो कोण्या बाजूले?"

"आईला तीळ होता?" भागवत म्हणाला.

"हाव," म्हणाले अन् भाऊजीनं फोन ठेवला. ब्रशवर घेतलेला काळा रंग तसाच होता. ते त्या पांढऱ्या कागदाकडं पाहत राह्यले, अन् मंग माह्याकडं न पाहता म्हणाले, "होता ना वो, जनकाबाई?"

"होता," मी म्हटलं. दोनदा म्हटलं.