काचमामाच्या पट्ट्या

माझा मामा लोकांच्या घरी जाऊन भिंतींच्या भेगा बघायचा आणि त्याचा त्याला पगार मिळायचा. हे सांगितलं की लोक आधी हसायचे. शहरात जिथं नव्या टॉवरसाठी खड्डा खणायला घेतला जायचा, तिथं आजूबाजूच्या जुन्या इमारतींत मामाची फेरी सुरू व्हायची. भेग दिसली की तिच्यावर बोटभर रुंद, वीतभर लांब काचेची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला चिकटवायची आणि काचेवर तारीख लिहायची. भिंत जरा जरी हलली तरी पट्टी तडकते. "भिंतीला रंग फासता येतो, माणसाला गप्प करता येतं, काचेला नाही," असं मामा म्हणायचा. सगळे त्याला काचमामा म्हणायचे, त्याच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

बावीस वर्षांत त्यानं अकरा टॉवर पाहिले, पण सगळे खाली जाताना. इमारत जमिनीच्या वर डोकं काढायला लागली की त्याचं काम संपायचं आणि तो पुढच्या खड्ड्यावर जायचा. एकाही टॉवरच्या लिफ्टमध्ये तो कधी चढला नव्हता. दर गुरुवारी, हातात टॉर्च, काखेत वही, खिशात काच कापायची हिरकणी. घराघरात जायचं, पट्टीवर टॉर्च मारायचा आणि वहीत लिहायचं, 'हालचाल नाही'. त्याच्या शिस्तीवर घड्याळ लावावं.

बारावा खड्डा आमच्या गल्लीच्या मागे पडला.

मी त्याच टॉवरच्या विक्री ऑफिसात कामाला होते. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर चाळीस मजले घरं आणि जमिनीखाली चार मजले गाड्या. "सकाळी लिफ्टनं कामाला जा, संध्याकाळी लिफ्टनं बाजारात जा, गेटबाहेर पाऊल टाकायची गरज नाही," असं मी येणाऱ्या प्रत्येकाला हसून सांगायचे. आई म्हणायची, "मेल्यावर तरी बाहेर आणतात का गं?" ऑफिसच्या मध्यभागी काचेच्या पेटीत टॉवरचा नमुना होता. मी रोज सकाळी तो फडक्यानं पुसायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यात आमची गल्लीच नाही. आमच्या तीन इमारतींच्या जागी हिरवा स्पंज पसरला होता आणि त्यावर इवलंसं बाक ठेवलं होतं.

मी ते घरी येऊन सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, हे आज कुणाला पटायचं नाही. "आई, आपल्या स्वयंपाकघरात बाक टाकलंय त्यांनी," असं काहीतरी म्हणाले. आई तेव्हा चहा गाळत होती. तिनं गाळणं खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, "आपली इमारत नाहीच?" मी म्हटलं, शोभेचं असतं गं ते. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला अक्कलही नव्हती.

कारण नियम असा होता: एक जरी पट्टी तडकली तरी इमारत आधी रिकामी करायची, तपासणी आणि दुरुस्ती मग. कंपनीचा माणूस घरोघर कागद देऊन गेला होता. दुरुस्ती झाली की परत या, असं त्यात लिहिलं होतं. आईनं तो कागद आणि माझा स्पंज मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवले. बाबा गेल्यावर या दोन खोल्या तिनं शिवणाच्या मशीनवर टिकवल्या होत्या. इथून ती बाहेर पडली तर परत येणार नाही, एवढं तिनं त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. मला त्यातलं काही म्हणाली नाही.

मामानं त्याच्या ऑफिसात सांगितलं होतं, "माझी सख्खी बहीण तिथं राहते, दुसऱ्या कुणाला पाठवा." साहेब म्हणाले, उलट बरंच, लोक दार तरी उघडतील. मग मामा आमचं घर सगळ्यात शेवटी ठेवायचा आणि काम झाल्यावर चहाला बसायचा. खिडकीसमोरची खुर्ची त्याची ठरलेली. चारच्या सुमाराला उन्हाची तिरीप बाबांच्या फोटोवर पडायची आणि काचेवरून थेट मामाच्या डोळ्यांत. तो डोळे मिचकावत खुर्ची सरकवायचा. "ताई, दाजी अजून माझ्यावर डोळे वटारतात बघ," हे वाक्य दर गुरुवारी व्हायचं आणि आई दर गुरुवारी हसायची.

आमच्या घरात भेगा दोन. एक न्हाणीघरात, एक स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे खड्ड्याच्या बाजूला. पट्ट्या लावल्या तेव्हा त्या कापायला आईनंच मदत केली होती. शिवणाऱ्या बाईचा हात, सरळ रेघ जाणार. मामानं खूश होऊन जुनी हिरकणी तिलाच देऊन टाकली.

पुढचे पाच महिने मामाच्या वहीत एकच ओळ होती. हालचाल नाही. तीन इमारती, बावीस घरं, हालचाल नाही.

घरात मात्र हालचाल होती. मागचं दार लागेनासं झालं. आई म्हणाली, फुगलंय. भर उन्हाळ्यात कुठलं दार फुगतं? पण मी विचारलं नाही. न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे जायचं सोडून मागच्या भिंतीकडे जाऊन थांबायला लागलं. मशीनवरून सुटलेलं रीळ दरवेळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडायचं. खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप सकाळपासून घरघरत असायचे, आणि जेवताना पाण्याच्या पेल्यावर बारीक वर्तुळं उठायची. मी ती बघत जेवायचे. मग आईनं खिडकीला जाड पडदा लावला. खड्ड्याची धूळ येते म्हणाली. मामाच्या डोळ्यांवरची तिरीप गेली, आणि दाजींचा विनोदही. मामा म्हणाला, "ताई, दाजींना कोंडून घातलंस का?" त्या दिवशी आई हसली नाही.

तो गुरुवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. मला सुट्टी होती. आईनं सकाळी पडदा धुवायला काढला होता, दुपारपर्यंत वाळेल या हिशेबानं, पण तो वाळला नाही. मामा आला, दोन्ही पट्ट्यांवर टॉर्च मारला, वहीत लिहिलं आणि खुर्चीत बसला. चार वाजले. ऊन आत आलं, भिंतीवर चढलं, बाबांच्या फोटोवर जाऊन बसलं. मामानं सवयीनं डोळे बारीक केले आणि खुर्ची सरकवायला हात टेकला.

तिरीप आलीच नाही.

त्यानं डोळे उघडले. कप खाली ठेवला. फोटोजवळ गेला आणि बाबांच्या गालावर बोट टेकवलं. बोट कागदावर टेकलं. शेजारी माझा पदवीचा फोटो होता, त्यावर बोट टेकवलं. मग आजी-आजोबांच्या फोटोवर, मग आईच्या शाळेतल्या फोटोवर. चारही चौकटी जागच्या जागी, चारही बिनकाचेच्या. मी त्याच घरात रोज जेवत, झोपत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"ताई," मामा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "तुझ्या पट्ट्या किती वेळा तडकल्या?"

आई ओट्याला टेकून उभी होती. "पाच वेळा."

"आणि तारखा?"

"तुला अक्षर गिरवायला कुणी शिकवलं होतं?" आई म्हणाली. खरंच, दोघांचे आकडे एकाच वळणाचे होते. धाकट्या भावाचा हात धरून तिनंच ते वळण दिलं होतं. गल्लीतलं काचेचं दुकान टॉवरसाठी सगळ्यात आधी पडलं होतं, आणि बाहेरून काच आणली असती तर कुणीतरी विचारलं असतं. फोटोंची काच अगदी मामाच्या पट्टीइतकीच पातळ होती.

मला वाटलं, आता मामा ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं बाबांच्या चौकटीवर वीत ठेवली, मग बोटं ठेवत गेला.

"एका फोटोतून सहा पट्ट्या," तो म्हणाला. "चार फोटो. चोवीस. तुझ्या पाच गेल्या. ताई, बाकीच्या कुठंयत?"

आई ओट्यावरच्या फडक्याची घडी घालायला लागली.

"ताई, बाकीच्या कुठं लावल्यास?"

"खालच्या वहिनी रडत आल्या होत्या रे," आई म्हणाली. "त्यांची तडकली होती. मग त्यांच्या समोरच्यांची. मग पलीकडच्या इमारतीतल्या आल्या. नाही कसं म्हणणार? सगळ्यांनाच राहायचंय."

"शेवटची कधी?"

"आज सकाळी. या आठवड्यात आठ." तिनं बाबांच्या चौकटीकडे पाहिलं. "तुझ्या दाजींचा फोटो मी शेवटपर्यंत ठेवला होता, बाळ्या. तो या सोमवारी काढला."

मामाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. पाच महिन्यांच्या प्रत्येक पानाखाली त्याची सही होती. ते वाचून साहेबांनी खड्डा दोन मजले आणखी खोल नेला होता. पण वहीचं तो काही बोलला नाही. "पायात चपला घाल," एवढंच आईला म्हणाला. ती म्हणाली, गॅसवर दूध आहे. त्यानं जाऊन गॅस बंद केला.

मग तो खाली उतरला आणि मी त्याच्या मागून. त्या संध्याकाळी मामानं एकाही भेगेवर टॉर्च मारला नाही. दार उघडलं की आधी भिंतीवरचे फोटो बघायचा. खालच्या वहिनींकडे लग्नाचा फोटो बिनकाचेचा. समोर एक आरसा अर्धा कापलेला. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कपाटाच्या दाराची काचच नाही. म्हणजे आईची काच पुरेनाशी झाल्यावर लोकांनी आपापली काढली होती. त्यानं दारं ठोठावली, हाका मारल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवलं. लोक चिडले. "काचमामा, तुमच्या वहीत तर हालचाल नाही!" एक गृहस्थ ओरडले. "वही खोटी आहे," मामा म्हणाला. "मीच लिहिलीय, मी सांगतो, खोटी आहे." मग त्यानं खड्ड्यावर फोन लावला आणि खोदाई थांबवायला लावली.

अंधार पडायच्या आत बावीस घरं रस्त्यावर होती. इमारती होत्या तशाच उभ्या. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. लोक मामाला तोंडावर शिव्या द्यायला लागले, आणि आई त्याच्याच घरात राहून त्याच्याशी बोलत नव्हती. मला मनातून वाटत होतं की काहीतरी पडावं. आपलंच घर पडावं असं वाटणं काय असतं, ते मी त्या दिवसांत शिकले.

सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला आमच्या इमारतीची मागची बाजू खड्ड्यात गेली. आधी स्वयंपाकघर. आवाज फार मोठा नव्हता. धूळ बसल्यावर ओट्याचा तुकडा आणि त्यावरची दुधाची पातेली मला खालच्या चिखलात दिसली. माणूस एकही गेला नाही. मामाची नोकरी गेली, खोट्या नोंदींसाठी, आणि त्यानं ती निमूटपणे जाऊ दिली. बहिणीचं नाव त्यानं चौकशीत घेतलं नाही. आता टॉवर चौदाव्या मजल्यावर आहे, आणि आमची गल्ली होती तिथं हिरवळ लावायला घेतली आहे. बाक अजून यायचं आहे.

नोकरी मी सोडली नाही. दोन माणसं बसून होती, तिसरी बसून चाललं नसतं. गेल्या महिन्यात ऑफिसात दुसऱ्या टॉवरचा नमुना आला. पुसताना मी आधी रस्ता शोधला, मग चौक, मग मामाचं घर. तिथं निळ्या काचेचं तळं होतं.

या वेळी मी आईला सांगितलं नाही. मामाला सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी काच कापून आणली आणि मागच्या भिंतीवरच्या केसाएवढ्या भेगेवर पट्टी बसवली. मग बाबांचा फोटो खाली घेतला. घर सोडताना आईनं तो सोबत घेतला होता, आणि इथं आल्यापासून तो बिनकाचेचाच होता. आई म्हणायची, राहू दे, निदान हात लावता येतो. त्या दिवशी तिला न विचारता मामानं त्याला काच बसवली, चारही कडा प्लास्टरनं बुजवल्या आणि कोपऱ्यात तारीख लिहिली. आई मशीनवरून बघत होती. "माझ्यावर विश्वास नाही तुझा," ती म्हणाली.

"नाही, ताई," मामा म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेला.

अजून खड्डा पडलेला नाही. पण मामा बाहेरून आला की आधी दाजींकडे बघतो आणि मग भिंतीकडे जातो.