कुरडयांचा घोडा

आमच्या सासरी नियम होता, सुनेनं वाळवणं उरकल्याशिवाय माहेरी जायचं नाही. तो कुणी केला कोण जाणे. करणाऱ्याला कधी कुरडया घालाव्या लागल्या नसणार. सासर मुठा खोऱ्यात, माहेर कासारसाईला, दोन्ही घरं सुतारांची. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा लागला आणि मला उठता-बसता आई आठवायला लागली.

कुरडईचा चीक गरम असतानाच दाबावा लागतो. हातातला सोऱ्या पिळून माझ्या तळव्यांना फोड आले, तरी सकाळभरात जेमतेम एक पातेलं उरकायचं. अशानं पेरणी तोंडावर आली असती, आणि पेरणीच्या दिवसांत सुनेला कोण सोडतंय! म्हटलं, आता काहीतरी यंत्रच करते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाकस-पटाशी हातात देत मी वाढले होते. दुपारी सासरे आडवे झाले की त्यांची अवजारं घ्यायची. कोळशानं जमिनीवर आकृती काढली. दोन उभ्या खांबांत आडवा दांडा, खुंटीवर फिरणारा. त्याला दट्ट्या, खाली पोकळ लाकडी नळा आणि बुडाला जुन्या सोऱ्याची चकती. दांडा दाबला की चीक खालच्या सुपात. पण माझ्या उंचीचा दांडा सासूबाईंना झेपेना. त्या कमरेत वाकलेल्या. म्हणून खांबांना आणि दट्ट्याला वर-खाली भोकं पाडली. खुंटी काढा, हव्या त्या भोकात घाला. माझ्यावाचून कुणाचं अडू नये म्हणून मी केवढी ती सोय केली! घरात त्याला घोडा म्हणायला लागले.

आमच्या कुरडया बघता बघता झाल्या. मी बोचकं बांधायला घेतलं, तोवर शेजारीण पातेलं घेऊन दारात.

"बलुतं खातो आपुन," सासूबाई म्हणाल्या. "तिला न्हाई कसं म्हनायचं?"

खरंच होतं. सुतार गावाकडून वर्षाचं धान्य घेतो. मग नांगर असो नाहीतर कुरडई, गावाला नाही म्हणता येत नाही. शेजारणीमागून वरची आळी आली, मग वाडीवरच्या बाया. प्रत्येकीच्या उंचीला खुंटी बदलायची, आणि ती नीट बसली नाही की दांडा निसटायचा, त्यामुळे बदलायला मीच लागायची. असा राग यायचा, की कुऱ्हाड घालावी त्या घोड्यावर! पण खळ्यावर धान्याचे चार पसे जास्त मिळाले म्हणून सासरे खूश. माझं माहेर त्या वर्षी राहिलंच.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमचं वाळवण उरकलं आणि आबा न्यायला आले. सासरे घोटावड्याला कामावर, आणि पडवीत बायांची रांग. आबांना पाणी आणायच्या निमित्तानं मी खुंटी उपसून आत नेली आणि चुलीत घातली. बाभूळ छान पेटते.

"खुटी मोडली," मी बाहेर येऊन सांगितलं. "मामंजी येईस्तोवर काय व्हत न्हाई आता."

बाया हळहळल्या. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग जा बाई. पाव्हणं उन्हाचं आल्यात."

मी नवं लुगडं नेसायला आत पळाले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

बाहेर आले तर आबा उकिडवे बसून वाकसानं लाकूड तासत होते. त्यांनी नवी खुंटी ठोकली, दांडा दाबून बघितला, खांबांना मी पाडलेली भोकं एकेक करून बघितली. चेहरा नुसता उजळला होता.

"लेकीनं लई डोस्कं लावलंय, इनबाई," ते म्हणाले. "आता ह्यी खुटी जल्मात मोडायची न्हाई. तिचं काम अडतंय आन् मी तिला घिऊन जाऊ व्हय?"

बायांची पातेली पुढं सरकली. आबा भाकरी खाऊन एकटेच निघाले. मी नव्या लुगड्यातच खाली बसले आणि नळ्याखालचं सूप फिरवायला लागले.

आबांचा हात पक्का. ती खुंटी खरंच कधी मोडली नाही.