सिद्रामण्णाने कापून ठेवलेले शेवट

आमचा सिद्रामण्णा नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात गादीवर बसून म्हातारा झाला. साडी विकायची त्याची एक खास रीत होती. आधी काठ दाखवायचा, मग अंग चुरगाळून पोत दाखवायचा आणि बाई “पदर बघू की” म्हणत पुढं सरकली, की हा पठ्ठ्या पाणी प्यायला उठायचा! तिची पुरती घालमेल झाली की परत येऊन सावकाश पदर उघडायचा. बायका त्याच्या नावानं बोटं मोडायच्या आणि पुढच्या लगीनसराईला पुन्हा त्याच्याच पुढ्यात येऊन बसायच्या.

दुकान सुटलं, खोड सुटली नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यानं गल्लीतल्या पोरांसाठी वाचनालय काढलं. पुस्तकं जुन्या बाजारातली, आणि सगळी रहस्यकथांची. नवं पुस्तक आलं की अण्णा पहिल्यांदा काय करायचा, तर ब्लेडनं शेवटचं प्रकरण कापायचा, साडीच्या पिशवीत घालायचा आणि खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पोरानं पुस्तक वाचावं, पायरीवर येऊन बसावं आणि सांगावं, चोर कोण आणि कशावरून. चोर चुकला तरी चालेल, ‘कशावरून’ पाहिजे. मग पिशवी उघडायची. तोवर शेवट तो स्वतःही वाचत नसे.

“अण्णा, पोरांचे तळतळाट लागतील तुला,” मी शेजारधर्म म्हणून सांगायचो.

“लागू देत की. विचार करून शिव्या देतात, ते काय कमी हाय?”

पोरांत सगळ्यात वस्ताद पायल, आमच्या समोरच्या घरातली, सातवीतली. शाळेनं तिला दोन रहस्यकथांची तुलना करायला सांगितली होती. पात्रं, वर्णन, उत्कंठा. एक पुस्तक विहिरीत रोज कंदील पेटतो त्याचं, दुसरं चाळीतून सायकल चोरीला जाते त्याचं. कंदिलाचा शेवट तिनं आधीच पटकावला होता, सायकलीचा राहिला होता. कट्ट्यावर दोघांची जुंपायची, आणि मी तोंड घालायला असायचोच.

“कंदिलाचं भारी आहे,” पायल म्हणायची. “शेवाळलेल्या पायऱ्या, वटवाघळं. मला खरंच भीती वाटली.”

“काठ भरजरी हायत, व्हय. पण अंग बघ की. त्यातली चारी पोरं सारखीच. ह्याचं बोलणं त्याच्या तोंडात घाल, काय फरक पडतो? सायकलीत न विहीर, न भूत. पण जिची सायकल गेली ती पोरगी रडतच न्हाय. मला झोप न्हाय त्या पोरीपायी.”

“तिनंच विकली असंल,” मी म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा हो! तुम्हाला सगळ्यांच्यात चोरच दिसतो.”

आता घरातलं सांगतो. अण्णाचा मुलगा नोकरीला पुण्यात. घरात अण्णा आणि सून राजश्री, दोघंच. सून मोडनिंबची, कामाला वाघ, पण बोलायला कमी. हा बायकांशी बोलून बोलून दमलेला. वर्षभर दोघं एका घरात पाहुण्यासारखे वागले. हल्ली कुठं ती “मामा, चटणी तिखट झालीय का?” एवढं विचारायला लागली होती आणि हा घाम पुसत “न्हाय, झकास” म्हणायला.

गड्ड्याच्या जत्रेआधी तिनं घर झाडायला काढलं. अण्णा बाहेरून आला तर खोली लखलखीत. “खाटेखालची पेटीपण साफ केली, मामा. कागद घालून तुमचे स्वेटर ठेवलेत, लिंबाचा पाला टाकून.” तिचा चेहरा असा फुललेला, की अण्णा म्हणाला, “झकास केलंस.” मग पेटी उघडली. पिशव्यांतली फाटकी पानं रद्दीवाल्यानं नेली होती. पेटीत काय असतं हे अण्णानं घरात कधी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, “सांग की तिला.”

“आता कुटं ती हसून बोलायला लागलीय. तिला कळलं तर पुन्हा मिटंल. तिला कळता कामा नये, बास.”

रद्दीवाला गाठला, माल पुढं गेलेला. सायकलीचं दुसरं पुस्तक जुन्या बाजारात मिळेना. आणि पायल पायरीवर हजर.

“चोर घरमालक. सायकल गेल्या दिवसापासून त्याच्या वर्णनात चाव्यांचा जुडगाच नाही. द्या शेवट.”

“शेवट न्हाय, यव्वा. मलाबी ठाऊक न्हाय.”

पायल खुदकन हसली. “कळलं! अजून ताणायचंय तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी ती नवा चोर घेऊन आली. अण्णा गळ्याची शपथ घेऊ लागला. ती म्हणाली, “काय ॲक्टिंग करता, आजोबा!” इतकी वर्षं त्यानं पोरांना असंच झुलवलेलं, आता खरं बोललेलं कोण ऐकणार? मला आधी हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून आवरलं.

तिसऱ्या खेपेला ती काकुळतीला आली. “उद्या बाई तपासणार आहेत.” अण्णानं शेवटी पेटी ओढून झाकण उघडलं. “बघ. मीच टाकली सगळी पानं. जागा नव्हती स्वेटरला.”

पायल पेटीवर वाकली. पुढं काय होणार ते मला दिसलं. तिला आवर म्हणून मी अण्णाला खुणावलं, पण आवरणार कसं? ‘कशावरून’ म्हणायला त्यानंच तर शिकवलेलं.

“ही घडी तुमची नाही, आजोबा. तुम्ही टॉवेलसुद्धा दुकानासारखा लांबट घडी करता. ही चौकोनी आहे, दोरीवरून काढलेल्या कपड्यांची असते तशी. म्हणजे पेटी तुम्ही नाही, राजश्रीकाकूंनी...”

राजश्री चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

“काय टाकलं मी?” तिनं विचारलं. पायलनंच सगळं सांगितलं, अगदी मुद्देसूद. बिचारीला वाटलं, शाबासकी मिळेल.

“फाटकी पानं होती, मामा,” राजश्री म्हणाली. “तुमी तर झकास म्हणालात की.”

“मी... तुला वाईट वाटंल म्हणून...”

“म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक. मलाच तेवढं न्हाय.” तिनं कप खाली ठेवले. वाकून पेटीतले स्वेटर काढले, खालचा कागद काढला, पाला वेचला आणि रिकामी पेटी अण्णापुढं सरकवली. “घ्या. ठेवा तुमचं तुमी काय ठेवायचं ते.”

आतलं दार लागलं. अण्णा उठला, दारापर्यंत गेला. कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. गादीवर बसून उभा जन्म बायकांना बोलण्यात गुंडाळलं त्यानं. आता नुसता कडीकडं बघत उभा.

“आजोबा,” पायल हळूच म्हणाली, “शेवटाचं मग काय लिहू?”

अण्णानं मागं वळूनही पाहिलं नाही. पायलनं पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत लावलं.