पाऊण लेझीम

आमच्या शाळेच्या गणिताच्या पुस्तकात अपूर्णांक पिझ्झ्यापासून सुरू होतात. पाव पिझ्झा म्हणजे किती, असं मी चौथीच्या वर्गाला विचारलं, तर शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "बहुत कम, मैम." याला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

पण ती हसण्याची वेळ नव्हती. नवरा हवाई दलात, त्यामुळे दर बदलीला नवं गाव, नवी शाळा, आणि प्रत्येक शाळेत मी कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेपुरती. आता ते निवृत्त झाले, आम्ही लखनौलाच अलीगंजात घर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वर्ग माझा स्वतःचा होणार होता. अट एकच. शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाई माझा अपूर्णांकांचा तास पाहणार. पसंत पडला तर चौथी माझी, नाही तर पुन्हा येरे माझ्या मागल्या. मला तो वर्ग हवा होता, अगदी हावरटासारखा हवा होता.

गुरुवारी सकाळी चहा गाळताना एकदम लेझीम आठवली. आमच्या साताऱ्याच्या शाळेत पहिला धडा ‘चार आवाज’ हा असायचा. चार ठेके पडले की एक फेरी पूर्ण. म्हणजे एक ठेका पाव, दोन अर्धा, तीन पाऊण! पिझ्झा गेला खड्ड्यात. मी चहा तसाच टाकून शाळेत पळाले आणि तास संपता संपता फर्मान सोडलं, "कल सब लेज़िम लेकर आना!"

"वो क्या होता है, मैम?"

"अरे, वही, जो छन-छन बजता है!" मी म्हटलं, तेवढ्यात घंटा झाली. लेझीम घरोघरी नसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे शाळेत पेटारा भरून असायच्या, म्हणजे जगात सगळीकडे असणारच!

शुक्रवारी वर्गात जे आलं ते काय सांगू! देवघरातली घंटी, मोठ्या बहिणीचे पैंजण, किल्ल्यांचे जुडगे, पातेल्यांची झाकणं. एकाने सायकलची साखळी आणली होती आणि त्याचा पांढरा शर्ट आता पांढरा नव्हता. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने रिकाम्या डब्यात घालून कुकरची शिट्टी आणली होती. "दादी ने कहा है, दाल चढ़ने से पहले लौटा देना," ती हळूच म्हणाली. मी कपाळावर हात मारला, मग दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, होऊन जाऊ दे!

बाकं भिंतीला लावली. प्रत्येक आवाजाला एक पाय आपटायचा. "पूरा!" चार आवाज. "आधा!" दोन आवाज आणि थांबायचं. मी भान विसरून मराठीतच मोजत होते, एक, दोन, तीन, आणि पोरंही तशीच मोजत होती. खिडकीची तावदानं थरथरली. शेजारच्या वर्गाच्या बाई कानावर हात ठेवून दारात आल्या, त्यांच्यामागे त्यांचा अख्खा वर्ग आला. आणि त्या गर्दीतून वाट काढत, ओठांवर बोट ठेवून, मुख्याध्यापिकाबाई आत आल्या.

सगळं चिडीचूप झालं. गेली चौथी, मी मनात म्हटलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी नेमकं त्या न बोलणाऱ्या मुलीलाच गाठलं. "तीन-चौथाई कितना होता है, बेटा?"

मुलीने डबा वाजवत तीनदा पाय आपटला. चौथ्यांदा उचलला आणि हवेतच धरून उभी राहिली. ती डुगडुगायला लागली, वेणी हलायला लागली, पण पाय काही खाली येईना.

"पैर नीचे रखो, गिर जाओगी," बाई म्हणाल्या.

"नहीं मैम," ती म्हणाली. "रख दिया तो पूरा हो जाएगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग पर्समधून आपल्या कपाटाच्या किल्ल्या काढून त्यांनी दोनदा खणखणवल्या आणि वर्गाला विचारलं, "और ये?" "आधा!" अख्खा वर्ग ओरडला. जाता जाता त्या मुलीच्या डब्यात डोकावून त्या मला म्हणाल्या, "सीटी घर पहुँचवा दीजिए, दाल रुकी होगी. और चौथी अब आपकी."

संध्याकाळी दारातूनच मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता ती मुलगी कशी उभी होती ते दाखवायला एक पाय उचलला आणि तसाच हवेत धरून राहिले. इतकी वर्षं, इतक्या गावांत, मी अशीच तर उभी होते.

"अगं, आता ठेव की तो पाय खाली," ते म्हणाले.

मी दाणकन आपटला. खालच्या मजल्यावरच्या भाभी घाबरून ओरडल्या, "क्या हुआ? कौन गिरा?"

"कोई नहीं गिरा, भाभी," मी खिडकीतून वाकून सांगितलं, "हम हैं. अब यहीं हैं!"