शिफारसपत्रातलं एक वाक्य

दीपमालाला एका जागी बसवत नाही. दीड वर्षाची असताना पोलिओनं उजवा पाय गेला, पण कुबडी घेऊन ती जेवढी फिरते, तेवढी मी धडधाकट असून फिरत नाही. गाव चांदूर बाजार, वकिलीचं शिक्षण अमरावतीला, आणि चार वर्षांपासून आम्ही दोघी अकोला जिल्ह्यातल्या एका कोर्टात केशवराव वकिलांच्या हाताखाली. कोर्ट कोणतं ते सांगत नाही, मला रोज तिथंच उभं राहायचं आहे.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा परदेशात जाऊन शिकायचा, एलएलएम करायचं, हे तिनं डोक्यात घेतलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, मुदत संध्याकाळी पाचची, आणि केशवरावांचं शिफारसपत्र तेवढं बाकी. ते त्यांनी दुपारी हातात दिलं, अगदी मनापासून लिहिलेलं. त्यात होतं, 'कोर्ट वरच्या मजल्यावर असूनही तिने चार वर्षांत एकदाही तक्रार केली नाही.'

ते वाचून दीपमाला बार रूममध्ये येरझारा घालायला लागली. यात चिडण्यासारखं काय, मला कळेना. वाक्य खरंच होतं. कोणाला त्रास देऊ नको, हेच तिची आई मनकर्णाबाई तिला लहानपणापासून सांगत आलेली. म्हणून ती बावीस पायऱ्या कठडा धरून चढायची आणि मी मागून तिची बॅग घेऊन. त्याचं मला कौतुक वाटायचं, तेही माझंच.

"मोनाली, मी दुसऱ्याच्या हक्कासाठी भांडाले चालली," ती म्हणाली, "अन् सोताचा एकबी मांगतला नाही."

तीन वाजता आमची केस होती. ती जिन्यापर्यंत गेली आणि चढलीच नाही. पायरीवर बसून अर्ज लिहिला, सुनावणी तळमजल्यावर घ्यावी, कायद्यानं तो माझा हक्क आहे. केशवराव घाबरले. साहेब चिडले तर अशिलाचं नुकसान होईल, आजच्या दिवस चढ, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिनं अर्ज माझ्या हातात दिला. मी तो वर नेऊन दिला.

जजसाहेबांनी अर्ज वाचला. थोड्या वेळानं खालच्या रिकाम्या खोलीत येऊन बसले आणि केस ऐकली. सव्वाचार झाले. झालं ना, आता फॉर्म पाठव, केशवराव कुजबुजले. ही मात्र उभीच. पुढच्या तारखांनाही खालीच घ्या आणि तसा लेखी आदेश द्या, म्हणाली. साहेबांनी तेही मान्य केलं. आदेश टाइप होईपर्यंत घड्याळाकडे बघून बघून माझा जीव अर्धा झाला.

पावणेपाचला ती केशवरावांपुढे बसली. ते वाक्य त्यांनी आपणहून खोडलं आणि आता काय लिहू, असं विचारलं.

"लिहा सर, तिनं तक्रार केली," दीपमाला म्हणाली. "अन् तुमी तिले नोको म्हनलं, तेबी लिहा."

केशवरावांचा चेहरा उतरला. पहिला कागद त्यांनी बाजूला सारला. मग नव्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहिल्या, आणि खाली स्वतःच्या मनानं आणखी एक वाक्य घातलं, 'चढताना त्रास होतो का, हे मी तिला कधी विचारले नाही.' सही केली. फोटो काढून पत्र जोडलं आणि पाचला चार मिनिटं असताना फॉर्म गेला.

निकाल अजून यायचा आहे. ते शेवटचं वाक्य माझंही होतं. माझी सही कोणी मागितली नाही, एवढंच.