सुधारणामंत्र्यांनी प्रोसेसर बदलला

सोसायटीत त्यांना सगळे 'सुधारणामंत्री' म्हणत, आणि हे नाव आपल्याला कौतुकानं मिळालंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. उभी नोकरी पाण्याचे मीटर तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला मीटर उरले नाहीत, तेव्हा मंत्र्यांनी घराकडे मोर्चा वळवला. मिक्सर त्यांनी असा काही सुधारला की तो लावला की शेजारचं बाळ दचकून उठायचं. इस्त्रीला त्यांनी चांगली लांबलचक वायर बसवली. जन्मात एक शर्ट स्वतः इस्त्री केला नव्हता, ही गोष्ट वेगळी. प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे स्क्रू उरायचे. ते बरणीत टाकताना मंत्री म्हणायचे, "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात."

बायको शाळेत शिकवायची, तीही आता घरीच होती. रोज दुपारी ती जुना लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आत ती काय करते, हे मंत्र्यांनी कधी विचारलं नव्हतं. नवरा-बायकोत एवढी मोकळीक हवीच, असं त्यांचं मत होतं.

शुक्रवारी ती दार उघडून बाहेर आली ती वैतागूनच.

"अहो, हा लॅपटॉप सारखा अडकतोय. काम सेव्हच होत नाही. जागा नाही, जागा नाही म्हणतोय. मला पहिलं प्रकरण सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचंय, नाहीतर ते पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी देतील."

एवढ्या सगळ्यातून मंत्र्यांनी नेमका एक शब्द उचलला. अडकतोय.

"अगं, ते जागेचं रडगाणं तो सगळ्यांकडेच गातो," ते म्हणाले. "खरा आजार मेंदूचा आहे. प्रोसेसर बदलू या."

"त्यापेक्षा नवाच घेऊ या का?"

"नवा?" मंत्र्यांचा चेहरा असा पडला, की तिनं जणू नवरा बदलायची गोष्ट काढली होती. तिचं काय पणाला लागलंय ते तिनं स्वच्छ सांगितलं होतं. ऐकणाऱ्याचं लक्ष स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय यात होतं, त्याला ती तरी काय करणार?

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मंत्री गेले ते छाती पुढे काढून. दुकानदारानं लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला.

"जमेल, काका. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच पक्का केलेला असतो. यातला निघतो. हा घ्या, याच जागी बसेल. चांगला दणकट आहे, पण तापेल जरा. काकू त्यावर काय करतात?"

मंत्री अडखळले. "करते... टाइप वगैरे."

"मग काय हरकत नाही."

शनिवारी जेवणाच्या टेबलाचं ऑपरेशन थिएटर झालं आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवली. घरातली माणसं म्हणजे बायको. मंत्र्यांनी कीबोर्ड उचलला, पंखा काढला, तांब्याची नळी बाजूला केली, जुना प्रोसेसर अलगद बाहेर घेतला. नवा बसवताना तर त्यांनी श्वास रोखून धरला. वर टूथपेस्टसारखी पांढरी पेस्ट लावली आणि सगळं होतं तसं जोडलं. खोटं कशाला बोला, काम झकास झालं होतं. एकही स्क्रू उरला नाही, तेव्हा मंत्री स्वतःच घाबरले. पण बटण दाबलं आणि लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला.

"बघ!" मंत्री म्हणाले. त्या दिवशी ते तेवढंच सारखं म्हणत होते.

रविवारी दुपारी बायको लॅपटॉप घेऊन आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "ऐका."

लॅपटॉपमधून एक बाई गोष्ट वाचत होती. मंत्र्यांना आधी आवाज ओळखूच आला नाही. घरात हा आवाज फक्त 'जेवायला या' आणि 'ओला टॉवेल उचला' एवढंच म्हणायचा. इथे तो हसत होता, घाबरत होता, नको तिथे घाई करत नव्हता. मंत्री पुढे सरकून ऐकू लागले. पण अर्धं कळेना, कारण मागे पिठाची गिरणी चालू होती. नवा मेंदू तापला होता आणि त्याला गार करता करता पंख्याचा जीव जात होता.

"हे... तू वाचतेस?"

"अंध लोकांच्या वाचनालयासाठी. कधीपासून वाचतेय. आतापर्यंत छोट्या गोष्टी द्यायचे, आता पहिल्यांदा आख्खी कादंबरी देतायत."

"मला बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही तेव्हा मिक्सर उघडून बसला होतात."

मंत्र्यांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की त्यांनी स्वतःची बाजूसुद्धा मांडली नाही. जुना प्रोसेसर कागदात गुंडाळून स्क्रूच्या बरणीतच ठेवला होता. तो काढला आणि हयातीत पहिल्यांदाच त्यांनी एक सुधारणा मागे घेतली. या वेळी एक स्क्रू उरला. कंपनीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

पंखा शांत झाला, पण सेव्ह करताना तेच रडगाणं पुन्हा आलं.

"आता वाचा ते. मोठ्यानं," बायको म्हणाली. अशी आज्ञा ती वर्गात देत असावी.

मंत्र्यांनी वाचलं आणि जागा कुणी अडवलीय ते शोधायला घेतलं. शोध फार लांब गेला नाही. 'सुधारणा' नावाच्या एकाच फोल्डरनं सगळी जागा व्यापली होती. त्यात मंत्र्यांनी उतरवून घेतलेले व्हिडिओ होते: मिक्सर कसा खोलावा, गळता नळ कसा ओळखावा, आणि लॅपटॉपचा वेग कसा वाढवावा. शेवटच्या विषयावरचे तर ढीगभर.

"सगळे काढू?" त्यांनी दीनवाण्या आवाजात विचारलं.

"सगळे."

काढले. लॅपटॉप सुरळीत चालू लागला.

सोमवारी दुपारी बायकोनं दार लावून घेतलं. मंत्र्यांनी बाहेरच्या खोलीतला पंखा बंद केला, घंटीची वायर काढली आणि बंद दाराशी खुर्ची टाकून घामाघूम होत बसले. तेवढ्यात शेजारी मिक्सरचं भांडं घेऊन आत शिरला.

"मंत्री, हे जरा—"

मंत्र्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आत काम चाललंय," ते पुटपुटले.

"कसलं?" शेजाऱ्यानंही आवाज खाली आणला.

"बायको कादंबरी वाचतेय," मंत्री म्हणाले, आणि भांड्याकडे न बघता त्यांनी पुन्हा दाराला कान लावला.